नदीवरची तार

पुलावरून गाडी भर्रकन निघून जाते, आणि खाली नदी होती हे लक्षात येईपर्यंत ती मागे पडलेली असते. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. भाचीला एटापल्लीत शाळेत नोकरी लागली होती, तिचं सामान पोचवून आम्ही परत निघालो होतो. रस्त्यानं लाल धुळीनं माखलेले ट्रक एकामागून एक येत होते. ते गेले की क्षणभर शांत व्हायचं आणि त्या शांततेत खालच्या पाण्याचा आवाज यायचा.

पुलाच्या उजव्या अंगाला जुन्या घाटाची उतरण अजून होती. रानतुळस माजलेली, मध्येच बाभळीचे काटे. गुडघ्यांना सांभाळत मी खाली उतरले. काठावरचं अर्जुनाचं झाड जागेवर होतं. त्याच्या पांढुरक्या खोडाला, माझ्या कमरेच्या उंचीवर, एक वळ होता. जवळ जाऊन बघितलं तर सालीच्या आत गंजलेली पोलादी तार. दोन वेढे झाडानं जवळजवळ गिळून टाकले होते, एक टोक तेवढं बोटभर बाहेर राहिलं होतं. मी त्याला हात लावला नाही.

मी सव्वीस वर्षांची होते तेव्हा या घाटावर पहिल्यांदा आले. चिमूरहून तीन एसट्या बदलून, एक पत्र्याची पेटी, एक स्टोव्ह आणि आईनं दिलेली बुद्धाची लहानशी तसबीर घेऊन. नदीच्या याच काठाला, घाटालगतच्या गावात आरोग्य उपकेंद्र होतं आणि तिथली नर्स म्हणून माझी पहिली नेमणूक झाली होती. पूल नव्हता. उन्हाळ्यात माणसं नदी पायी ओलांडत. पावसाळा सुरू झाला की थेट संक्रांतीपर्यंत नावाडी ऋषीभाऊंचा डोंगा हीच वाट.

डोंगा म्हणजे खरं तर दोन डोंगे. मोहाची दोन खोडं कोरून केलेले, बाजूबाजूला बांधून वर फळ्या ठोकलेल्या. या काठावरच्या अर्जुनापासून त्या काठावरच्या लोखंडी खांबापर्यंत नदीवर आडवी तार ताणलेली असे. लाकूड डेपोतल्या ओंडके ओढायच्या यंत्राची ती जुनी तार होती. डोंगा एका कडीनं त्या तारेत अडकवलेला. ऋषीभाऊ फळीवर उभे राहून दोन्ही हातांनी तार मागे ओढत आणि डोंगा पुढे सरकत जाई. वल्ह्याचा आवाज नाही, कसलाच आवाज नाही. फक्त कडी तारेवरून घासत जाताना निघणारा एक बारीक किरकिर सूर, आणि जळक्या ऑईलचा वास. ते तारेला ऑईल चोळत. त्यांच्या अंगाला, धोतराला, जेवणाच्या डब्यालासुद्धा तोच वास असायचा.

ऋषीभाऊ तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. जातीनं ढिवर, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. उंच, हाडकुळे, कमी बोलणारे. त्यांची बायको कमलाबाई मात्र एकटीच दोघांच्या वाटचं बोलायची. घाटावरच ती झिंगे सुकवायला घालायची, आणि माझ्या हातात पिशवी दिसली की मूठभर झिंगे त्यात टाकायची. मी नको म्हटलं तरी टाकायची.

पहिल्याच पावसाळ्यात मला कळलं की त्या घाटावर डोंग्यापेक्षा तार मोठी. सकाळी पहिली फेरी करण्याआधी ऋषीभाऊ अर्जुनाजवळ उभे राहत. डाव्या हाताची चार बोटं तारेवर अलगद ठेवत आणि उजव्या हातातल्या सागाच्या दांडक्यानं तारेवर एक टोला मारत. मग डोळे मिटून उभे. टोल्याची थरथर तारेतून धावत पलीकडच्या खांबापर्यंत जायची, खांबाला धडकून परत यायची, त्यांच्या बोटांना लागून पुन्हा निघायची. अशा सात फेऱ्या ते मोजत. थरथर भराभर परतली तर तार जास्त ताणलेली, रेंगाळत परतली तर सैल. मग झाडाजवळचा हातभर लांबीचा लोखंडी पेच पहारीनं फिरवून ते तार कसत किंवा सोडत.

मला वाटायचं, तार जितकी घट्ट तितकी चांगली. त्यांना तसं म्हटलं तेव्हा ते हसले होते. ते म्हणाले, उन्हाळ्यात तार आपोआप लोंबते, थंडीत आपोआप आखडते, तेवढं सांभाळता येतं. भीती पुराची असते. पाणी चढलं की धार डोंग्याला खाली ओढते आणि सगळा भार तारेवर येतो. तेव्हा तारेला थोडी ढील हवी, म्हणजे ती वाकते आणि भार पेलते. ताठ असली तर वाकायला जागाच नाही. तुटते. फार सैल सोडली तर डोंगा धारेबरोबर झोका खाऊन खालच्या खडकावर जातो. या दोन्हींच्या मधली जागा बोटाला कळते, असं ते म्हणाले.

एकदा मी माझं घड्याळ पुढे केलं. नाडी मोजायचं घड्याळ, सेकंदकाट्याचं. ऋषीभाऊंनी टोला मारला, ओठ हलवत सात मोजले आणि मान हलवली. पावणेतेरा सेकंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं, तेरा. आठवडाभर मी तो खेळ खेळत होते. बारा ते तेराच्या बाहेर तार त्यांनी कधी राहू दिली नाही. घड्याळ त्यांना कधीच लागलं नव्हतं. त्यांनी मलाही तारेवर बोटं ठेवायला लावली. आधी काहीच कळेना. मग चौथ्या-पाचव्या दिवशी ती आली, झोपेतल्या मुलाच्या छातीवर हात ठेवल्यावर लागते तशी धडक. मी मोठ्यानं मोजायला लागले आणि घाटावरच्या बाया हसल्या.

त्या वर्षांचे ऋतू मला अजून वासांनी आठवतात. आखाडीला ऋषीभाऊ तारेला कुंकू लावत, नदीत नारळ सोडत, आणि घाटावर ओल्या सागपानांचा कडवट वास पसरलेला असे. पोळ्यानंतर धान पोटरीत आलं की वारा पलीकडून गोड वास आणायचा. दिवाळीनंतर धुकं. धुक्यात तार अर्ध्यापर्यंतच दिसायची, पुढे नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून किरकिर सूर जवळ येत राहायचा. चैतात मोहाची फुलं पडत, पाणी गुडघ्यावर येई, आणि तार नदीवर उगाच लोंबत राही, तिच्यावर धीवरपक्षी बसत.

संध्याकाळी उपकेंद्राच्या पायरीवर निर्मला यायची. गिरजाबाईची एकुलती एक. बाप लहानपणीच गेलेला, माय शेतमजुरीला जायची. गावातून बारावी झालेली ती पहिली मुलगी. औषधांची खोकी ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून येत ते कागद ती सरळ करून वाचायची. अर्धवट फाटलेली बातमी असली की पुढचं ती स्वतःच्या मनानं सांगायची आणि आम्ही दोघी हसत बसायचो. तिला शिक्षिका व्हायचं होतं.

माझं चौथं वर्ष असेल, थंडीचे दिवस. मी पहाटेच आरोग्य केंद्रात मीटिंगला निघाले होते. घाटावर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. उतरणीवरून बघते तर ऋषीभाऊ वाकून तारेला गाल लावून उभे. उजव्या हातात दांडकं. मला बघून ते पटकन बाजूला झाले. मी काही विचारलं नाही. डोंग्यात मात्र त्यांच्या हातांकडे बघत राहिले. डाव्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर भाजल्याचे फोड होते, एक फुटून चिघळलेला. कशानं भाजलं, मी विचारलं. चुलीतलं लाकूड सरकवताना लागलं असेल, ते म्हणाले. असेल.

परतीच्या फेरीलाही आम्ही दोघंच होतो. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि पिशवीतला कापूस बोटांवरून फिरवला. मग पेनचं टोक टेकवलं. मग जरा टोचलं. ते डोळे मिटून वाट बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "लावा नं बाई. काऊन थांबल्या?"

पाठीवर फिकट चट्टे होते. मी त्यांना आरोग्य केंद्रात नेऊन दाखवलं. मला कळलं होतं तेच डॉक्टरांनी सांगितलं. महारोग. औषधानं बरा होतो, पसरत नाही, पण बोटांचं गेलेलं कळणं परत येईलच असं नाही. येताना जंगलाच्या रस्त्यावर ऋषीभाऊ एका दगडावर बसले. मग म्हणाले, "बाई, हे कोनाले सांगू नका. कमलाले पन नका सांगू. मालूम झालं तं माझ्या डोंग्यात कोनी पाय नाई ठेवनार."

रुग्णाचं गुपित राखायचं हे मला शिकवलं होतं. शिवाय ते खरंच बोलत होते. पाय कोणी ठेवला नसता. मी शब्द दिला.

दर महिन्याला मी गोळ्यांचं पाकीट औषधांच्या डब्यात लपवून आणत असे आणि डोंग्यात त्यांच्या हातात ठेवत असे. त्या गोळ्यांनी कातडी काळवंडते. गावात म्हणायचे, ऋषी उन्हानं काळा पडला. तारेचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. सकाळी मी घाटावर जायची, लोक असले तरी थट्टेचा सूर लावून म्हणायची, ऋषीभाऊ, आज मला मोजू द्या. मी बोटं ठेवायची, ते टोला मारायचे. मोजून झालं की मी हळूच सांगायची, रेंगाळते आहे, किंवा घाईची आहे. ते पेच फिरवायचे. सगळ्यांना वाटायचं नर्सबाईला नाद लागला आहे. असं ती थंडी, आणि पुढच्या पावसाळ्याचा अर्धा भाग निभावलं. मला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता, हे आज लिहायला हवं.

श्रावण संपता संपता मला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाचा कागद आला. गडचिरोलीला जायचं होतं. निघायच्या दिवशी मी ऋषीभाऊंना बजावलं, आता कमलाबाईंना सांगा, त्यांना मोजायला शिकवा. ते हो म्हणाले. कमलाबाई चार पावलांवर झिंगे पालथे करत होत्या. मी त्यांना तिथल्या तिथे सांगू शकले असते. एसटी चुकेल म्हणून मी डोंग्याकडे वळले. त्यांनी मागून हाक मारली, येताना गडचिरोलीहून चांगला चहा आणायला सांगितलं. मी आणला होता.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. पाणी उतरलं होतं म्हणून ऋषीभाऊंनी दोन दिवस आधी तार कसली. बाजाराच्या दिवशी सकाळी वरच्या अंगाला झालेल्या पावसाचं पाणी आलं, गढूळ, फांद्या घेऊन. घाटावर गर्दी होती. ऋषीभाऊ नेहमीप्रमाणे अर्जुनाजवळ गेले, चार बोटं तारेवर ठेवली, टोला मारला, डोळे मिटले. लोकांनी त्यांचे ओठ हलताना पाहिले. सातपर्यंत मोजून त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, बरोबर आहे. पेचाला हात लावला नाही. एवढ्या लोकांसमोर तारेला गाल लावता येत नव्हता.

डोंग्यात ऋषीभाऊ धरून नऊ जणं होती. मधल्या धारेत तार झाडाजवळून तुटली. डोंगा उलटला. सहा जणं पोहत किंवा करंजाच्या फांद्या धरून वाचली. ऋषीभाऊ पण वाचले. एक म्हातारे गृहस्थ वाचले नाहीत, आणि निर्मला वाचली नाही. ती शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाचा फॉर्म भरायला निघाली होती. तिसऱ्या दिवशी सापडली, सहा मैल खाली.

मी परतले तेव्हा नदीवर तार नव्हती. दुसऱ्या गावच्या नावाड्यानं मला वल्ह्यानं पलीकडे नेलं आणि वाटेत सगळं सांगितलं. तार जुनी होती, असं तो म्हणाला. गावातही तेच म्हणत होते. चौकशीला साहेब आले, त्यांनी तुटकं टोक पाहिलं, गंज पाहिला, कागदावर तसंच लिहिलं. मला कोणी काही विचारलं नाही.

त्या आठवड्यात ऋषीभाऊ उपकेंद्रात आले. पायरीवर बसले, जिथे निर्मला बसायची त्याच पायरीवर. त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते. ते म्हणाले, "बाई, मी गिरजाले सांगतो. माझ्या बोटाले काहीच नाई लागलं त्या दिवशी. मी नुसते आकडे मोजत होतो."

आणि मी त्यांना थांबवलं.

आता सांगून काय होणार आहे, मी म्हटलं. ती परत येणार नाही. तुम्हाला गावाबाहेर काढतील, कमलाबाईंचं काय होईल. मी फार समजूतदारपणे बोलत होते. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू येत होता, लहान मुलाला इंजेक्शन देताना मी काढायची तो आवाज. मी हे सांगितलं नाही की मला स्वतःची भीती वाटते आहे. यांच्या हाताला कळत नाही हे माहीत असून मी यांना डोंगा चालवू दिला, हे बाहेर आलं तर लोक मला काय म्हणतील. नोकरी राहील का. ऋषीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं. ते उठून गेले.

गिरजाबाईंना भेटायला मी गेले होते, सगळ्या गावाबरोबर, एकदाच. नंतर रस्त्यात त्या दिसल्या की मी दुसऱ्या वाटेनं जात असे. सहा महिन्यांनी मी बदली मागून घेतली. मूल तालुक्यात, मग राजुऱ्यात, मग जिवतीच्या डोंगरात अशी माझी नोकरी झाली. चांगली नर्स म्हणून नाव झालं. या रस्त्याला मी पुन्हा आले नाही.

घाटावरून वर आले तेव्हा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी त्याला घाटालगतच्या गावात न्यायला सांगितलं.

उपकेंद्राची नवी इमारत झाली आहे. कमलाबाई जुन्याच घरात होत्या, डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज मात्र तसाच. मला आवाजावरून ओळखलं आणि आधी चहा ठेवला. ऋषीभाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. औषध त्यांनी पूर्ण घेतलं होतं, रोग गेला होता, बोटं वाकडी राहिली. डोंग्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

मी विचारलं, तुम्हाला त्यांच्या हाताचं कधी कळलं.

त्या म्हणाल्या, "मले पयलेच मालूम होतं, बाई. रोज त्याच्या बोटाले भाजलेलं दिसत होतं. तो सांगन म्हनून मी वाट पाहत होती." आणि पुढे म्हणाल्या, "त्यानं गिरजाले सांगतलं. तुमची बदली झाली, त्याच महिन्यात. सगळं आपल्याच आंगावर घेतलं. तुमचं नाव नाई काढलं."

मग गिरजाबाई काय म्हणाल्या, मी विचारलं. काहीच म्हणाल्या नाहीत. गावालाही सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून या घराशी बोलणं बंद केलं, ते अजून बंद आहे. ऋषीभाऊ गेले तेव्हा मात्र आल्या होत्या, अंगणात उभ्या राहिल्या आणि गेल्या.

चहा तसाच ठेवून मी निघाले. गिरजाबाईंचं घर गावाच्या टोकाला, चिंचेखाली. त्या दारात बसून सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या. खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या, हात मात्र भराभर चालत होते. मी कोण ते सांगितलं. त्यांनी बसायला पोतं सरकवलं. मी सगळं सांगितलं, त्या पहाटेपासूनचं, कापसापासूनचं. मी काय लपवलं, ऋषीभाऊंना कसं थांबवलं, का थांबवलं. माझं सांगून होईपर्यंत त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

मग सूप खाली ठेवलं.

"त्याच्या हाताले समजत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या हाताले तं समजत होतं नं, बाई."

मी हो म्हटलं.

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि खडे वेचायला लागल्या. मी बराच वेळ तिथे बसून राहिले. त्यांनी मला जा म्हटलं नाही, बसा असंही म्हटलं नाही. रस्त्यावर ड्रायव्हर पुन्हा हॉर्न वाजवायला लागला, तेव्हा उठले.